चीनच्या चाकरींतील इंग्रजी पंतोजी

विद्या विकून पोट भरणारा मनुष्य आपल्या समाजास नवा नाहीं. परंतु ज्याची विद्या म्हणजे मुख्यतः त्याची जन्मभाषा, आणि ती शिकविण्यासाठीं जो हजारों मैल समुद्र ओलांडून जातो, असा पंतोजी हा एकोणिसाव्या शतकाची निर्मिति होय. आपल्याकडे इंग्रजी आली ती राज्यकर्त्यांच्या पाठोपाठ. ती कोणास शिकवावी, किती शिकवावी आणि कशासाठीं शिकवावी, हें १८३५ च्या ठरावापासून मुख्यतः सरकारच्या मर्जीनें ठरत गेलें. चीनची गोष्ट निराळी. पेकिंगच्या दरबारी शाळेंत इंग्रजी शिकविणारा गोरा मास्तर चिनी सरकारचा पगारी नोकर म्हणून गेला. मालक चिनी आणि चाकर इंग्रज! हा उलटा व्यवहार कसा जमला आणि त्यांतून कोणास काय मिळालें, हें पाहण्यासारखें आहे. कारण परकी भाषा शिकावी कीं नाहीं हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ती कोणाच्या अटीवर शिकावी हाही महत्त्वाचा आहे.

चीनला ही गरज भासली ती पराभवामुळें. १८५८ सालीं तिएन्‌त्सिन येथें इंग्रजांशीं जो तह झाला, त्याच्या पन्नासाव्या कलमांत असें ठरलें कीं, इंग्रज अधिकारी यापुढें चिनी अधिकाऱ्यांस इंग्रजींतच लिहितील. तूर्त सोबत चिनी भाषांतर जोडतील. पण दोहोंत फरक पडल्यास इंग्रजी मजकूर तोच खरा धरावा. दोन वर्षांनीं इंग्रज व फ्रेंच सैन्यानें पेकिंग (आजचें बीजिंग) गांठलें आणि सम्राटाचा उद्यान-प्रासाद जाळून टाकला. आपणच मान्य केलेल्या तहाचा अर्थ शत्रूच्या दुभाष्यास विचारावा लागावा, याहून मोठी मानहानि कोणती? परराष्ट्रव्यवहाराचीं सूत्रें हातीं घेतलेल्या राजपुत्र कुंग यानें प्रथम घरचींच माणसें शोधून पाहिलीं. कँटनकडून उत्तर आलें कीं, पाठविण्याजोगा मनुष्य नाहीं. शांघायकडून उत्तर आलें कीं, माणसें आहेत, पण तीं फारशीं जाणकार नाहींत आणि पैसा मात्र अतोनात मागतात.

तेव्हां परक्यालाच नेमणें प्राप्त झालें. १८६२ सालीं पेकिंग येथें 'तुंग वेन क्वान' नांवाची भाषाशाळा निघाली आणि मांचू लष्करी घराण्यांतील दहा मुलें तींत दाखल झालीं. इंग्रज वकिलातींतील टॉमस वेड याच्या शिफारशीनें जॉन बर्डन नांवाचा मिशनरी पहिला शिक्षक झाला. पगार पहिल्या सालास ३०० टेल चांदी; मुलांची प्रगति दिसल्यास पुढील सालापासून सुमारें १,००० टेल. अट मात्र कडक होती: भाषा शिकवावी, धर्माचा शब्द काढूं नये. मुलांना चिनी विद्या शिकविण्यासाठीं जो पंडित नेमला होता, त्याच्याकडे आणखी एक काम सोंपविलें होतें, तें म्हणजे बर्डनवर गुपचूप नजर ठेवणें! ज्यानें धर्मप्रसारासाठीं स्वदेश सोडला, त्याला आपला धर्म वर्गाबाहेर ठेवून नुसती भाषा शिकवावी लागली. घर कोणाचें आणि पाहुणा कोण, याविषयीं दरबारानें संशयास जागाच ठेविली नव्हती.

हा बंदोबस्तही जुन्या मताच्या मंडळींस पुरेसा वाटला नाहीं. १८६७ सालीं या शाळेंत गणित व ज्योतिष हे विषय परकी शिक्षकांकडून शिकविण्याचें ठरतांच वो-रेन या वजनदार मंत्र्यानें कडाडून विरोध केला. राष्ट्राचा पाया शील व सदाचार हा होय, युक्त्याप्रयुक्त्या नव्हेत, असें त्याचें म्हणणें. शिवाय एवढ्या अफाट साम्राज्यांत या विषयांचा जाणता स्वदेशी मनुष्य मिळणार नाहीं काय, असा त्याचा सवाल होता. दरबारानें शांतपणें उत्तर दिलें कीं, मग अशीं माणसें आपणच दाखवावीं. बिचाऱ्यास एकही नांव देतां आलें नाहीं. या वादाचा सूर मराठी वाचकांस ओळखीचा वाटेल. वो-रेनला हंसणें सोपें आहे. पण त्याची भीति अगदींच खोटी नव्हती. भाषेचा शिक्षक नुसते शब्द घेऊन येत नाहीं; त्या शब्दांबरोबर चांगलें काय व वाईट काय याचीं मापेंही तो घेऊन येतो. मात्र तीं मापें जशींच्या तशीं शिष्यांच्या गळीं उतरतातच असें नाहीं, हें पुढील इतिहासानें दाखविलें.

बर्डननंतर १८६३ सालीं त्याच जागीं जॉन फ्रायर आला. हा इंग्लंडांतील केंट परगण्यांतला एक साधा शिक्षक. १८६१ सालीं हाँगकाँगच्या सेंट पॉल कॉलेजांत नोकरी मिळाली म्हणून पूर्वेकडे आला. पेकिंगहून तो शांघायला एका इंग्रजी शाळेवर गेला आणि १८६८ सालीं तेथील सरकारी शस्त्रागाराच्या भाषांतरखात्यांत रुजू झाला. येथें त्याच्या आयुष्यास विलक्षण कलाटणी मिळाली. चिन्यांना इंग्रजी शिकवावयास आलेला मनुष्य इंग्रजी शास्त्रग्रंथ चिनींत आणूं लागला! फ्रायरनें इंग्रजी ग्रंथाचा अर्थ तोंडीं चिनींत सांगावा आणि श्यू शौसारख्या विद्वान सहकाऱ्यानें तो शिष्टसंमत गद्यांत लिहून काढावा, अशी ही रीत होती. रसायनशास्त्रांतील मूलद्रव्यांना या दोघांनीं जीं चिनी नांवें दिलीं, त्यांतील कित्येक आजही पाठ्यपुस्तकांत रूढ आहेत. १८९६ सालीं तो अमेरिकेंत गेला तो कॅलिफोर्निया विद्यापीठांत पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक म्हणून. जी भाषा विकण्यास तो आला होता, तिच्यापेक्षां येथें येऊन जी भाषा तो शिकला, तिनेंच अखेर त्याला मान मिळवून दिला.

१९०५ सालीं चीनमधील शेंकडों वर्षांची राजसेवा-परीक्षा बंद झाली. १९११ सालीं पेकिंगजवळ छिंगह्वा ही संस्था उघडली. अमेरिकेनें चीनकडून घेतलेल्या युद्धदंडांतील जो भाग परत केला, त्यांतून ती उभी राहिली. याच छिंगह्वामध्यें १९२९-३० सालीं केंब्रिजचे प्रख्यात टीकाकार आय. ए. रिचर्ड्स हे पाहुणे प्राध्यापक म्हणून आले. त्यांनीं सांगितलेली एक हकीकत अशी कीं, हार्डीच्या 'टेस'चा शेवट ते वर्गांत वाचून दाखवीत होते. नायिकेस फांशीं दिल्याची खूण म्हणून काळें निशाण वर चढतें, त्या प्रसंगीं विद्यार्थ्यांनीं टाळ्या वाजविल्या! चौकशी करतां उलगडा झाला कीं, आरंभीं तिनें बापाचा मान राखला नाहीं, तेव्हांपासून या उद्धट मुलीस शिक्षा केव्हां होते याची मंडळी वाट पाहत होती. इंग्रजीचा प्रत्येक शब्द मुलांस कळला होता. कादंबरी मात्र त्यांनीं आपल्या घरच्या नीतीनें वाचली होती. रिचर्ड्स यांनीं यावरून शिष्यांस मूर्ख ठरविलें नाहीं. चिनी सहकाऱ्यांच्या मदतीनें ते मेन्सियसचा अभ्यास करूं लागले आणि १९३२ सालीं त्या तत्त्वज्ञावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

रिचर्ड्स यांचा शिष्य विल्यम एम्प्सन याची कथा अधिक हृदयस्पर्शी आहे. १९२९ सालीं केंब्रिजच्या कॉलेजानें एका खाजगी वर्तनाच्या कारणावरून त्याची नेमणूक रद्द केली, तेव्हां स्वदेशीं दार बंद झालेला हा बुद्धिमान कवि आधीं जपानांत आणि मग चीनमध्यें शिक्षकी करावयास निघाला. १९३७ च्या उन्हाळ्यांत तो सैबेरियाच्या आगगाडीनें पेकिंगकडे येत असतांनाच जपाननें चीनवर युद्ध लादलें. ज्या विद्यापीठांत नोकरी ठरली होती, तें विद्यापीठच निर्वासित झालें! एम्प्सननें परतीची वाट धरली नाहीं. हूनान प्रांतांतील नान्-युए या पवित्र पर्वताच्या कुशींत विद्यापीठाची कलाशाखा बसली होती, तेथें तो पोंचला. ग्रंथसंग्रह मागें राहिला होता. तेव्हां मुखोद्गत असलेल्या इंग्रजी कविता उतरून देऊन तो शिकवूं लागला. पुढें शत्रु जवळ आला, तेव्हां १९३८ च्या आरंभीं विद्यापीठ युन्नानकडे हललें. विद्यार्थ्यांची एक तुकडी कांहीं अध्यापकांसह हजार मैलांहून अधिक अंतर मुख्यतः पायीं तुडवीत कुन्‌मिंगला गेली. एम्प्सनही त्या प्रांतीं १९३९ पर्यंत शिकवीत राहिला, आणि १९४७ मध्यें पुन्हां पेकिंगला येऊन १९५२ पर्यंत राहिला.

त्याच्या त्या फाटक्या वर्गांतून काय निघालें? मू दान या नांवानें पुढें प्रसिद्ध पावलेला कवि त्यांतलाच. १९४२ सालीं तो चिनी सैन्याचा दुभाषी होऊन ब्रह्मदेशांत गेला आणि त्या सैन्याच्या भीषण माघारींत रानावनांतून कसाबसा हिंदुस्थानांत पोंचला. उत्तरायुष्यांत राजकीय ठपका डोक्यावर असतांना त्यानें बायरनच्या 'डॉन जुआन'चें भाषांतर केलें. तें छापून निघालें १९८० मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं. दुसरे शिष्य श्यू ग्वोचांग. यांच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांवर चीनमधील पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या. परक्या पंतोजींची विद्या अशा रीतीनें घरच्या पंतोजींच्या हातीं आली.

१९४९ नंतर कांहीं काळ रशियन भाषेनें इंग्रजीची जागा घेतली. १९७८ नंतर इंग्रजीचे दिवस पुन्हां आले आणि परदेशीं शिक्षकांची रीघ लागली. २०२१ सालीं चिनी सरकारनें खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि परदेशांत बसून शिकविणाऱ्या परकी शिक्षकांस कामावर घेण्यास शिकवणीवाल्यांना मनाई केली. घरबसल्या चिनी मुलांस शिकविणाऱ्या कित्येकांचीं कामें रातोरात गेलीं. त्यांच्याविषयीं कोणासही हळहळ वाटेल. पण बर्डनच्या वर्गांतील तो गुपचूप पहारेकरी ज्यांना आठवतो, त्यांस नवल वाटूं नये. घरधन्यानें दार उघडलें होतें, त्यानेंच तें मिटलें.

या दीडशे वर्षांत असे किती पंतोजी आले नि गेले! त्यांतील बहुतेक पगार घेऊन परतले आणि विस्मृत झाले. त्यांत कांहीं गैर नाहीं, पोट सर्वांनाच आहे. परंतु ज्यांचीं नांवें उरलीं, ते पाहुणे असल्याचें विसरले नाहींत आणि शिकवितां शिकवितां स्वतः शिकले. आपल्याला इंग्रजी मिळाली तेव्हां अट घालण्याचा अधिकार आपल्या हातीं नव्हता. आतां तो आहे. मुलांस कोणती भाषा शिकवावी याचा वाद घरोघर चालतो. तीबरोबर घरांत काय घ्यावें आणि काय उंबऱ्याबाहेर ठेवावें, हा विचारही त्या वादांत असावा, एवढेंच या परक्या इतिहासावरून सुचतें.