पोलीस भरती: १९२८ ची मागणी, २०२३ चे कंत्राट

घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात आपली १० माणसे मारली गेली. मग त्याच पोलिसांच्या भरतीवर आम्ही का बोलतो? कारण १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी लष्कर, नौदल आणि पोलिसांत अस्पृश्यांच्या मुक्त भरतीचा हक्क मागितला होता. मेहेरबानी नव्हे, हक्क!

सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. पुढे जुलै २०२३ मध्ये, मुंबईत शिपाई कमी म्हणून, राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान कंत्राटावर घेण्याचे ठरले. मुदत ११ महिने. अकरा महिन्यांच्या नोकरीत कसली पेन्शन आणि कसली बिंदुनामावली? पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या आपल्या पोरांनी हा प्रश्न गृहखात्याला विचारायला हवा.