वीज, मैदान आणि खेळ थांबविण्याचा अधिकार

आजचा थ्रेड एका छोट्या प्रश्नावर आहे. आकाशात वीज चमकू लागली तर चालू सामना थांबवायचा कोणी? प्रश्न दिसतो साधा, पण त्याचे उत्तर शोधण्यात अडीचशे वर्षे गेली आहेत.

सुरुवात वैभववाडीपासून करू. येथून पूर्वेकडे पाहिले की सह्याद्रीची भिंतच समोर येते. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट हीच भिंत चढून गगनबावड्याकडे जातात. एप्रिल-मे महिन्यांत समुद्रावरून येणारी दमट हवा या कड्यांना आपटून वर चढते, दुपारनंतर घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे उभे राहतात आणि संध्याकाळच्या सुमारास वळीव कोसळतो. सुट्टीतल्या क्रिकेट स्पर्धांचे अंतिम सामने रंगतात तेही याच वेळी.

कोकणात सपाट जमीन मुळातच थोडी. गावाचे मैदान म्हणजे एक तर भात कापून मोकळा झालेला मळा, नाहीतर वस्तीबाहेरचा जांभ्या दगडाचा उघडा सडा. मळ्यातला खेळ सुगीनंतर सुरू होई आणि पेरणी आली की आपोआप संपे. शेतीच खेळाचे वेळापत्रक ठरवीत असे. शालेय स्पर्धांना ही शिस्त लागू नाही. त्या शाळेच्या वर्षाला बांधलेल्या असल्याने तालुका आणि जिल्हा पातळीवरचे कित्येक सामने ऐन पावसाळ्यात किंवा परतीच्या पावसात येतात, म्हणजे गडगडाटासाठी प्रसिद्ध असलेल्या हस्त नक्षत्राच्या आसपास. (याच नक्षत्राच्या हत्तीभोवती मुली भोंडल्याचा फेर धरतात, तो मात्र अंगणात, घराच्या आधाराने!)

सड्यावर धोका अधिक, कारण तेथे उंच असे काहीच नसते. उघड्यावर वीज बहुधा उंच वस्तू गाठते. सड्यावर ती वस्तू म्हणजे एखादे एकाकी झाड, किंवा सीमारेषेवर उभा असलेला चौदा वर्षांचा मुलगा.

आता इतिहासाकडे वळू. विजा कडाडू लागल्या की आपल्याकडे अनेक घरांत वडीलधारी मंडळी अर्जुनाची नावे घ्यायला सांगत. युरोपात वादळ पांगावे म्हणून चर्चच्या घंटा वाजविण्याची प्रथा होती. १७८४ मध्ये म्युनिकला प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात नोंद आहे, की ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजविणारे दगावले. भिजलेला दोर हातात धरून, गावातील सर्वांत उंच इमारतीत उभे राहणे, यापेक्षा वाईट जागा शोधूनही सापडली नसती. आपली प्रथा निदान मुलांना घरात तरी बसवीत होती.

बेंजामिन फ्रँकलिनने वीज म्हणजे विद्युत् हे १७५२ च्या सुमारास दाखवून दिले आणि इमारतींवर तडितरक्षक बसू लागले. इमारती सुरक्षित झाल्या. मैदाने राहिली उघडीच.

खेळाच्या जगाला जाग आली ती अगदी अलीकडे. १९७५ मध्ये शिकागोजवळच्या वेस्टर्न ओपन स्पर्धेत नामांकित गोल्फपटू ली ट्रेव्हिनो विजेच्या धक्क्याने जखमी झाला. १९९१ मध्ये हेझेल्टाइन येथील यू.एस. ओपनमध्ये सहा प्रेक्षक एका झाडाखाली आडोशाला उभे राहिले. वीज कोसळली आणि त्यांतील एक जण मरण पावला. १९९७ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने विजेबाबतची मार्गदर्शक सूचना आपल्या नियमावलीत घातली. पुढे ‘३०-३०’ चा नियम रूढ झाला तो याच काळात.

हा नियम असा. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. पुढची वीज थेट तुमच्या डोक्यावरही पडू शकते, मग पावसाचा थेंबही नसो. खेळ थांबवायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उलटेपर्यंत मैदानावर पाऊल टाकायचे नाही. आता तर सेकंद मोजण्यात वेळ दवडू नका, गडगडाट ऐकू आला की आत जा, असेच सांगितले जाते.

पण ‘थांबा’ म्हणायचे कोणी? क्रिकेटच्या इतिहासातील हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. दीर्घकाळ प्रथा अशी होती, की हवामान वा उजेड अयोग्य असला तरी दोन्ही बाजू राजी असल्या तर खेळ पुढे चालू शके. ज्याला जिंकायचे आहे, त्यालाच थांबायचे का म्हणून विचारण्यासारखे हे झाले! २०१० च्या दुरुस्तीनंतर परिस्थिती धोकादायक आहे का, हे ठरविणे सर्वस्वी पंचांकडे गेले.

कागदावरचा नियम मैदानावर पोहोचायला मात्र वेळ लागतो. १४ ऑगस्ट २०२४ रोजी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात तीन हॉकीपटू विजेने दगावले. पाऊस आला म्हणून ते झाडाखाली थांबले होते. हेझेल्टाइनच्या त्या झाडाला तेव्हा ३३ वर्षे होऊन गेली होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात विजेने २,८८७ जणांचा बळी घेतला.

साधने आपल्याजवळ आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप आपल्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची माहिती देते. बंद काचांची एस.टी. वा मोटार चालते, पक्की इमारत उत्तम. बांबूवर ताडपत्री टाकलेला मंडप, झाड आणि पत्र्याची उघडी शेड मुळीच नाही. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात विद्युत् साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावावा, आणि श्वास व नाडी थांबली असेल तर विलंब न करता छाती दाबण्यास सुरुवात करावी.

गावोगावच्या स्पर्धांच्या पत्रकांवर प्रवेश फी आणि बक्षिसांच्या रकमेखाली एक ओळ हमखास असते: ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ ती बाद-नाबादसाठी लिहिलेली असते. तिच्याखाली आणखी दोन ओळी मावतील: वीज दिसली की पंच सामना थांबवतील, आणि सर्वांनी अमुक इमारतीत जायचे. ती इमारत बहुधा शाळाच असणार. स्पर्धा मात्र रविवारी किंवा मे महिन्यात असते आणि शाळेला कुलूप असते. तेव्हा किल्ली कोणाकडे आहे, हे नाणेफेकीपूर्वीच विचारून ठेवा.