गाठ आणि नंबर

आजीच्या चोळीला पुढं गाठ असे. पोर वाढली की गाठ सैल, हिशेब मिटला! पण १९१४ साली न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या बाईंनी दोन रुमाल नि रिबीन जोडून बेतलेल्या काचोळीचं पेटंट घेतलं. तिची भावंडं आमच्याकडे ‘बॉडी’ म्हणून आली, सोबत नंबर घेऊन. मी वयात आले तेव्हा डहाणूच्या बाजारात आईनं तो नंबर कुजबुजत सांगितला. दुकानदारानं पुडकं चोरीच्या मालासारखं वर्तमानपत्रात गुंडाळलं. मी आठवडाभर पाठीत वाकून चालले.

पुढं गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांची वारली चित्रं पाहिली. बाई असो की बुवा, अंग दोन त्रिकोणांचंच. बाई ओळखायची अंबाड्यावरून. लाज कुठंच रंगवलेली नाही. ती बहुधा त्या वर्तमानपत्रातच गुंडाळून आली होती!