मताचें शहाणपण

निरक्षराच्या हातीं मत म्हणजे माकडाच्या हातीं कोलीत, असा आक्षेप सुशिक्षितांच्या बैठकींत अद्यापि ऐकूं येतो. त्याचा निवाडा मिल्लच्या ग्रंथांत शोधण्यापूर्वीं वाचकांनीं आमच्यासमवेत जरा पेण-रोह्याकडे यावें.

१९३५ च्या कायद्यानें मताधिकार सारा, मालमत्ता व शिक्षण यांच्या मापानें वांटला. त्याच सुमारास पेणशेजारच्या अलिबाग तालुक्यांत चरी येथील कुळांनीं खोतांविरुद्ध संप मांडला होता. १९३३ पासून १९३९ पर्यंत त्यांनीं उपासमार सोसली, पण जमिनीला नांगर लाविला नाहीं. आपलें हित कशांत आहे, हें त्यांना कोणत्या शाळेनें शिकविलें?

पुढें १९५२ सालीं प्रौढ मतदान आलें. देशांत साक्षर शेंकडा अवघे १८. म्हणून उमेदवारागणिक वेगळी पेटी व तीवर चित्र. कुलाब्यानें निवडिलें कोणास? रोह्याचे चिंतामणराव देशमुख यांस, आय. सी. एस. परीक्षेंत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर! काँग्रेसच्या पुण्याईचा त्यांत वांटा होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु १९५६ सालीं मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनीं अर्थमंत्रिपद सोडलें, आणि १९५७ सालीं त्याच कुलाब्यानें काँग्रेसला बाजूस सारून शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत यांस लोकसभेंत धाडिलें. पेटीवरील चित्रापलीकडचें कांहीं हे मतदार वाचीत होते खास. (मतदानाची सुटी साधून अलिबागेस सहलीला निघणारे पदवीधर आम्हीं पाहिले आहेत!)

अक्षरांची खरी निकड कुळाला भासली ती मतपेटीपाशीं नव्हे. १ एप्रिल १९५७ पासून कूळकायद्यानें जमीन कसणाऱ्याची ठरली; ती खरोखर आपल्या नांवावर चढली कीं नाहीं, हें सातबाराच्या उताऱ्यावर वाचून पाहावें लागे.