तिमोरचा आसियान-प्रवेश

तिमोर बेटाचें नांव गोव्यांतील पोर्तुगीज दप्तर चाळणाऱ्या संशोधकांस अपरिचित नाहीं. चंदनाच्या व्यापारासाठीं पोर्तुगीजांनीं तेथें पाय रोवले, व तेथील कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीखालीं चाले. १७०२ मध्यें लिफाव येथें दाखल झालेला गव्हर्नर आंतोनियो कोएल्यो गेरेरो याची नेमणूक गोव्याहूनच झाली होती. १८४४ मध्यें तिमोर गोव्यापासून अलग करून मकावास जोडण्यांत आलें. यावरून या मुलुखाचा विचार केवळ पोर्तुगीज साम्राज्याचें एक दूरचें ठाणें म्हणून करण्याकडे संशोधकांचा कल होणें स्वाभाविक आहे. ती दृष्टि कितपत पुरेशी आहे हें ठरविण्यास पूर्व तिमोरच्या आसियान-प्रवेशाची हकीकत उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

आसियान हा आग्नेय आशियांतील राष्ट्रांचा संघ ८ ऑगस्ट १९६७ रोजीं बँकॉक येथें पांच राष्ट्रांनीं स्थापिला. इंडोनेशिया त्यांपैकीं एक. त्याच इंडोनेशियानें ७ डिसेंबर १९७५ रोजीं पूर्व तिमोरवर स्वारी करून तो मुलूख बळकाविला. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतांत शेंकडा ७८.५ मतदारांनीं इंडोनेशियांतर्गत स्वायत्तता नाकारली, व २० मे २००२ रोजीं देश स्वतंत्र झाला. पुढें ४ मार्च २०११ रोजीं त्यानें आसियानकडे प्रवेशाचा अर्ज केला, तेव्हां संघाचें अध्यक्षपद इंडोनेशियाकडेच होतें. आणि त्यानें अर्जास पाठिंबा दिला.

संघाच्या सनदेच्या ६ व्या कलमांत प्रवेशाच्या चार अटी आहेत : भौगोलिक स्थान, सर्व सभासदांची मान्यता, सनदेचें बंधन स्वीकारणें, आणि सभासदत्वाचीं कर्तव्यें पार पाडण्याची पात्रता व तयारी. जुनें वैर लक्षांत घेतां दुसरी अट अवघड जावयाची; परंतु अडचण आली ती चौथीची. निर्णय सर्वसंमतीनें व्हावयाचा असल्यामुळें सिंगापुरासारख्या सभासदाच्या शंकेसही मोठें वजन होतें. राज्याचा बहुतेक खर्च तेल व वायूच्या उत्पन्नावर चालणारा, प्रशिक्षित अधिकारी थोडे. शिवाय संघाचें कामकाज इंग्रजींत, तर या देशाच्या राजभाषा तेतुम व पोर्तुगीज. साम्राज्याचा वारसा येथें भूषण न ठरतां ओझें ठरला.

नोव्हेंबर २०२२ मध्यें प्रवेशास तत्त्वतः संमति मिळाली, आणि २६ ऑक्टोबर २०२५ रोजीं क्वालालंपूर येथें पूर्व तिमोर अकरावा सभासद झाला. अर्जापासून साडेचौदा वर्षें लोटलीं होतीं.

तात्पर्य, हुकूम कोठून सुटत हें गोव्यांतील कागद सांगतात. परंतु त्या मुलुखाचा योगक्षेम कोणाशीं निगडित आहे, हें त्यांवरून ठरत नाहीं. ज्या शेजाऱ्यानें घर बळकाविलें, त्याच्याच पंक्तीस बसणें त्या लहान राष्ट्रानें पत्करलें. कारण राज्यकर्ते बदलतात, शेजार बदलत नाहीं. तिमोरविषयींचे जुने कागद लावतांना संग्राहकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, इतकीच आमची सूचना आहे.