भारतीय बचाव
बुद्धिबळातील प्रारंभिक बचावपद्धतींचा एक गट. पांढऱ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे सारल्यावर काळा राजाकडील घोडा बाहेर काढतो व मध्यभाग प्याद्यांनी न व्यापता त्यावर दुरून मारा ठेवतो. भारतीय खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर जात असल्याने असा संथ विकास येथील खेळाडूंच्या अंगवळणी पडला होता.

कलकत्त्यात वकिली करणारे स्कॉटिश खेळाडू जॉन कॉक्रेन यांना १८४८ च्या सुमारास बंगालच्या ग्रामीण भागात अपराजित म्हणून ख्यात असलेले महेशचंद्र बंद्योपाध्याय भेटले. महेशचंद्रांनी यूरोपीय नियम आत्मसात केले. मांडणीची सवय मात्र जुनीच ठेवली. उभयतांचे शेकडो डाव टिकून आहेत. १८५५ मधील एका डावात महेशचंद्रांनी घोडा काढून उंटाची वाट मोकळी केली आणि तिसऱ्या खेळीत वजिरापुढील प्यादे दोन घरे सारून मध्यभागास आव्हान दिले. हीच मांडणी १९२२ मध्ये ऑस्ट्रियन खेळाडू एर्न्स्ट ग्र्यूनफेल्ट यांनी योजिली व व्हिएन्ना येथे अल्येखिन यांना हरविले. तेव्हापासून ती ग्र्यूनफेल्ट बचाव म्हणून ओळखली जाते. महेशचंद्रांचे नाव तिला लाभले नाही. त्यांच्या खेळाची खूण गटाच्या ‘भारतीय’ ह्या विशेषणात तेवढी उरली आहे.