लिलावात लागलेला शालू

गेल्या रमजानच्या थोडं आधीची गोष्ट. फोनवर जुन्या कपड्यांचा लिलाव करणारा एक गट आहे, त्यात मी अधूनमधून डोकावतो. रात्री नऊला फोटो पडतो, दहाला बोली बंद. त्या रात्री एक जुना बनारसी शालू आला. फोटो अंधुक, ट्यूबलाइटखाली काढलेला. खाली लिहिलेलं : ‘आईची साडी, थोडी विरलेली, सुरुवात ३०० पासून.’ पदर मोठा करून पाहिला आणि मी ताठ बसलो. दौंडला अब्बांचं कापडाचं छोटं दुकान होतं. खरी जर आणि खोटी जर यांतला फरक माझ्या डोळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. चांदीची जर जुनी झाली की काळवंडते. हा पदर काळवंडलेला होता आणि बाकीचे लोक त्याला डाग समजून जपून बोली लावत होते. मी गप्प राहिलो. ८५० रुपयांना शालू माझा झाला.

तो घेऊन शिरूरला अम्मीकडे गेलो. तिनं पदर बोटांत धरून पाहिला, खूश झाली. मग म्हणाली, “विकणारीला सांगितलंस का, जर खरी आहे म्हणून?”

“अम्मी, लिलाव होता. सगळ्यांना खुला. मी कुणाला फसवलं नाही.”

“फसवलंस का, असं मी विचारलंच नाही. सांगितलंस का, असं विचारलं.”

‘लिलाव होता’ हे उत्तर आमच्या तालुक्यात मी पहिल्यांदा दिलेलं नाही. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात डिसेंबर १८७४ मध्ये कालूराम नावाच्या सावकाराकडे याहून पक्कं उत्तर होतं, कारण त्याच्या हातात कोर्टाचा हुकूमनामा होता. बाबासाहेब देशमुख हे त्याचे कर्जदार, चांगल्या घराण्यातले. हुकूमनाम्याच्या जोरावर त्यांचं घर कालूरामच्या हाती आलं आणि त्यानं ते पाडायला घेतलं. कायद्याच्या दृष्टीनं त्यात काही खोट नव्हती. पण गावाला ते सहन झालं नाही. सावकारांच्या शेतात कुणी राबेना, न्हावी त्यांची दाढी करेना, घरात कामाला माणूस मिळेना. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला.

त्यामागची हकीकत शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इकडच्या कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हातानं कर्ज दिलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, शेतसारा मात्र वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा, पण झालं उलटंच : दर तीन वर्षांनी मुद्दलात व्याज मिसळून नवा रोखा, त्यावर नवा अंगठा. शेवटी जप्ती आणि लिलाव. अशा लिलावाला गावातलं दुसरं कोण बोली लावणार? पैसा ज्याच्याकडे, तोच सावकार किंवा त्याचा माणूस. चार रुपयांची वस्तू एका रुपयाला जायची आणि उरलेलं कर्ज पुन्हा कुळाच्या डोक्यावर तसंच.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक तुटून पडले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडीत होतं. दौंडही त्याच भीमथडीतलं. सावकारांची दुकानं लुटली, वह्या आणि रोखे रस्त्यावर आणून जाळले. हे लोण शिरूर तालुक्यातही आलं. मला या दंग्याचं गोडवे गाऊन कौतुक करवत नाही. रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर निघाला, गावातले स्थानिक सावकार बऱ्याच ठिकाणी सुटले. जमाव बाहेरचा माणूस आधी हुडकतो, हे माझ्यासारख्याला वेगळं सांगायला नको. पण रोख्यांच्या त्या होळीनंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते : रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर न्यायाधीशानं थांबायचं नाही, व्यवहाराच्या मुळाशी जायचं. पैसे कधी दिले, किती दिले, व्याज किती चढवलं, सगळं उकरायचं. राजीखुशीनं झालेल्या सौद्याच्या मागेही काहीतरी असतं, हे इंग्रजी कायद्याला आमच्या तालुक्यांनी शिकवलं.

आज लागू असलेल्या १९०८ च्या दिवाणी संहितेत कलम ६० आहे. कर्जदाराचे आणि त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. म्हणजे अंगावरचं कापड लिलावात जाऊ नये एवढी लाज कायद्यालाही आहे. त्याच संहितेनुसार हुकूमनामा मिळवणाऱ्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय स्वतः बोली लावता येत नाही.

लिलाव हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, पण प्रथा त्यांच्याही आधीची. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. मदिनेतला एक अन्सारी मदत मागायला येतो. घरात काय आहे, असं प्रेषित मुहंमद (स.) विचारतात. एक जाडंभरडं कापड, अर्धं पांघरायचं, अर्धं अंथरायचं, आणि पाणी प्यायचा एक वाडगा. ते दोन्ही मागवून प्रेषित स्वतः लिलाव पुकारतात. एक जण एक दिरहम म्हणतो. यापेक्षा जास्त कोण देईल, असं ते दोन-तीनदा विचारतात आणि सौदा दोन दिरहमला ठरतो. एका दिरहमचं धान्य, दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा प्रेषित आपल्या हातानं बसवतात आणि पंधरा दिवस लाकडं तोडायला पाठवतात. जुन्या कपड्याचा लिलाव हाच, पण पुकारणाऱ्याचा सारा जोर किंमत वर नेण्यावर होता, आणि विकणारा कोण, त्याला पैसे कशाला हवेत, हे तिथं सगळ्यांना समोर दिसत होतं.

खोटी बोली लावून भाव फुगवायला आपल्याकडे मनाई आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरी मनाई आपण विसरतो. बाजारात पोचण्याआधीच काफिल्याला वाटेत गाठून माल घेऊ नका, आणि घेतलाच, तर बाजारात आल्यावर सौदा मोडायचा हक्क मालकाला आहे. कारण वाटेतल्या माणसाला शहरातला भाव ठाऊक नसतो. ती बाई तिच्या घरी बसून अंधुक फोटो टाकत होती, म्हणजे वाटेतच होती. इमाम अबू हनीफा कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याकडे एक बाई वस्त्र घेऊन आली, शंभर मागू लागली. यापेक्षा जास्त होतील, असं ते म्हणत गेले, ती चारशेवर पोचली, थट्टा करताय का म्हणाली. शेवटी जाणत्याला बोलावून किंमत करवली आणि पाचशेला घेतलं, असं सांगतात. अब्बा ही गोष्ट दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे. मी ती पन्नास वेळा तरी ऐकली असेन.

आमच्या गल्लीत बोहारीण यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. एका पातेल्यासाठी अम्मी तिच्याशी अर्धा तास घासाघीस करायची. त्यात मला कधी वावगं दिसलं नाही. दोघींना कापडाची पारख सारखीच होती, चहा झाल्याशिवाय सौदा तुटायचा नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात यायचं असायचं. जुना कपडा स्वस्त घेणं हा गुन्हा नाही; माझं अर्धं बालपण मोठ्या भावाच्या शर्टांत गेलं. पण फोनवर समोरची बाई दिसत नाही, आणि मला तर ती न दिसणं सोयीचंच झालं होतं.

पुण्याला जुनी जर घेणाऱ्याकडे शालू नेला. तो जर जाळून चांदी काढतो. त्यानं वजनावर अंदाज केला, सहा हजारांच्या आसपास. शालू न विकता परत आणला आणि त्या बाईला निरोप टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं, “दादा, आई गेल्यावर कपाट रिकामं केलं. मुलाच्या परीक्षेची फी भरायची होती, शेवटचा दिवस होता. जर खरी आहे हे आई म्हणायची, पण मला वाटलं उगाच म्हणते.” शालू परत हवा का, विचारलं. नको म्हणाली, कुणीतरी नेसा.

मी चार हजार पाठवले. ८५० आधीचे. उरलेले माझी पारख आणि पुण्याची खेप, असा हिशेब अम्मीला सांगितला. ती काही बोलली नाही. शालूची घडी मोडून उलटी घातली, मलमलच्या कापडात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला.